डीरेप निवडताना आम्ही काय काय तपासलं

कार्डानो या ब्लॉकचेनवर २९ जानेवारी २०२५ ला प्लोमिन हार्ड फोर्क, म्हणजे चेनच्या मूळ नियमांतला बदल, झाला आणि त्या दिवसापासून एक अट लागू झाली. चेनच्या कारभारातला आपला मताधिकार कुठे ना कुठे लावल्याशिवाय स्टेकिंगचं, म्हणजे चेन चालवायला आपली नाणी लावल्याचं, जमलेलं बक्षीस काढता येत नाही. मताधिकार लावायच्या जागा मोजक्याच आहेत. नोंदणी केलेला एखादा प्रतिनिधी, म्हणजे डीरेप. नाहीतर ‘कायम तटस्थ’. नाहीतर ‘कायम अविश्वास’. किंवा ५०० एडा (कार्डानोचं नाणं) अनामत भरून स्वतःच डीरेप व्हायचं. जळगाव-भुसावळकडच्या आमच्या नऊ जणांच्या गटात बहुतेकांनी तेव्हा बक्षीस निघावं एवढ्यासाठी ‘कायम तटस्थ’ निवडलं होतं. पुढे चेनच्या सामाईक तिजोरीतून पैसे मागणारे ठराव एकामागोमाग येऊ लागले, तेव्हा ही निवड पुन्हा उघडायची ठरली. पाच आठवडे लागले. काय केलं, कुठे अडलं आणि आता पुन्हा करायचं झालं तर आधी काय करू, ते इथे लिहितो आहोत.

सगळ्यात आधी एक गैरसमज. स्टेक पूल निवडला म्हणजे मत दिलं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पूल ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा) तयार करतो, त्यातून बक्षीस येतं. डीरेप ठरावांवर मत देतो, त्याचा बक्षिसाच्या रकमेशी काही संबंध नाही. एकाच स्टेक-चावीची, म्हणजे वॉलेटमधल्या एका खात्याची, ही दोन वेगळी मुखत्यारपत्रं आहेत. (पूलचालकांनाही हार्ड फोर्क, ठराव चेनच्या संविधानात बसतात का ते पाहणाऱ्या समितीवर अविश्वास, त्या समितीची निवड अशा काही ठरावांवर मत असतं, तिजोरीतून पैसे काढण्याच्या ठरावावर मात्र नसतं.) म्हणून वॉलेटमधला ‘स्टेक’ या अक्षरांनी सुरू होणारा पत्ता उचलायचा, कार्डानोस्कॅन किंवा ॲडास्टॅट या एक्स्प्लोररवर, म्हणजे चेनवरची नोंद दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकायचा आणि आपला मताधिकार आज नेमका कुणाकडे आहे ते पाहायचं. आमच्यातल्या दोघांची खात्री होती की आपण अजून काहीच निवडलेलं नाही. प्रत्यक्षात बक्षीस काढताना वॉलेटनं विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी ‘हो’ म्हटलेलं होतं.

नाणी एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर, पडून असतील तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही, कारण तिथल्या नाण्यांची चावी तुमच्याकडे नसते. हे नुसतं तत्त्व नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांनी स्टीम चेनमागची कंपनी विकत घेतली आणि मार्चच्या सुरुवातीला काही मोठ्या एक्स्चेंजेसकडे ग्राहकांनी ठेवलेली नाणी मतदानाला जुंपली गेली. चेन चालवणारे पहिले वीस विटनेस एका झटक्यात बदलले. समाजाला २० मार्च २०२० ला हाइव्ह नावाची वेगळी चेन काढून बाहेर पडावं लागलं. गोदामात आपण माल ठेवावा आणि गोदामवाल्यानं त्या मालाच्या जोरावर आपल्याच विरुद्ध मत द्यावं, असा तो प्रकार होता. आपल्याकडची काही एक्स्चेंजेस नाणी बाहेर काढूच देत नाहीत. घेण्यापूर्वीच हे विचारा. बाहेर काढलीत तर तारीख आणि व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ठसा असलेली अक्षरओळ, वहीत लिहून ठेवा. पुढे विकताना ३० टक्के कराचा हिशेब करायचा असतो आणि खरेदीची किंमत तेव्हा सापडत नाही.

खान्देशात निवडणूक कुणाला शिकवायला नको. विकास सोसायटी असो, बाजार समिती असो की दूध संघ, पॅनल कुणाचं, कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही, मागच्या वेळी कुणी काय केलं, हे गावात तोंडपाठ असतं. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सहकारात एका सभासदाला एक मत, दोन एकरवाला आणि वीस एकरवाला मतपेटीपुढे सारखे. इथे जितके एडा तितकं वजन. आणि उमेदवार गावातला नाही. ‘हाऊ कोन शे?’ म्हणून विचारावं तर सांगणारं कुणी नाही. पण एक गोष्ट पूर्ण आपल्या बाजूची आहे. संचालकानं बंद खोलीत हात कुठे वर केला ते सभासदाला कळत नाही. डीरेपचं प्रत्येक मत, त्याची वेळ, बदललं असेल तर तो बदल, चेनवर कायमचा उघडा राहतो. त्यामुळे जाहीरनामा बाजूला ठेवून नोंद वाचायची, एवढं एकच सूत्र आम्ही धरलं.

मात्र नोंद वाचण्याआधी एक काम आहे आणि ते टाळलं की पुढचं सगळं कुजतं. आधी आपली मतं ठरवायची. आम्ही निकाल लागलेले आठ जुने ठराव निवडले आणि कुठल्याही डीरेपचं नाव न बघता प्रत्येकानं आपलं मत कागदावर लिहिलं: हो, नाही किंवा तटस्थ, आणि खाली दोन ओळी कारण. क्रम उलटा केला तर काय होतं ते पहिल्याच रविवारी दिसलं. एका डीरेपची कारणमीमांसा वाचली, ती पटली, मग दुसऱ्याची उलट बाजूची वाचली, तीही पटली. छान लिहिणाऱ्याचं सगळंच पटतं. आपला खुंटा आधी रोवलेला नसेल तर दोरी कुणाच्याही मागे जाते.

आठ ठराव निवडताना सगळे एकाच जातीचे घेऊ नका. कार्डानोत ठरावांचे सात प्रकार आहेत: समितीवर अविश्वास, समितीत बदल, संविधानात बदल, हार्ड फोर्क, नियमांतल्या आकड्यांत बदल, तिजोरीतून रक्कम काढणं आणि नुसतं मत अजमावणारा माहिती-ठराव. आम्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झालेलं संविधान घेतलं, २०२५ साठी तिजोरीतून जास्तीत जास्त ३५ कोटी एडा निघतील ही मर्यादा घालणारा ठराव घेतला, एक आकड्यांत बदल सुचवणारा घेतला आणि उरलेले पाच तिजोरीचे घेतले. त्यात दोन मोठ्या रकमेचे, दोन लहान आणि एक नामंजूर झालेला. नामंजूर झालेला ठराव हवाच. मंजूर होणाऱ्या गाडीत सगळेच चढतात. पडलेल्या ठरावावर कुणी काय लिहिलं त्यात माणूस दिसतो.

तिजोरीचा ठराव वाचणं हेच खरं कष्टाचं काम आहे, त्यावर आमचे दोन रविवार गेले. पहिली अडचण शून्यांची. चेनवरची मूळ रक्कम लव्हलेसमध्ये असते आणि १ एडा म्हणजे १० लाख लव्हलेस. दोन वेगळ्या पानांवर एकच रक्कम वेगळी दिसते आणि शंभर कोटींचा घोळ होतो. दुसरी अडचण भावाची. खर्च डॉलरमध्ये मांडलेला असतो, मागणी एडात असते आणि मध्ये एक भाव धरलेला असतो. तो भाव कुठला धरला, एडा चढला तर उरलेली रक्कम परत तिजोरीत येणार की ठेकेदाराकडे राहणार, एडा पडला तर काम अर्धवट राहणार का, या तीन प्रश्नांची उत्तरं मजकुरात शोधायची. ती नसतील तर तेवढ्यावर आमचं मत ‘नाही’कडे झुकायचं. तिसरं म्हणजे पैसे एकदम मिळणार की टप्प्यांनी, टप्पा पुरा झाला हे कोण ठरवणार आणि तो माणूस पैसे घेणाऱ्याच्याच घरचा तर नाही ना. चौथं संविधानातलं. पहिल्या संविधानानं असं सांगितलं की तिजोरीतून निघालेली आणि अजून खर्च न झालेली रक्कम ज्या खात्यात राहील, त्या खात्याचा मताधिकार ‘कायम तटस्थ’वर लावलेला हवा, आणि ती कुठल्याही पूलकडे स्टेक करायची नाही. कारण उघड आहे: लोकांच्याच पैशाच्या वजनावर ठेकेदारानं पुढची मतं फिरवू नयेत. हे खातं ठरावात दिलेलं असतं, ते जाऊन पाहता येतं.

इंग्रजी लांबलचक असतं म्हणून आम्ही सुरुवातीला एआयकडून मराठी सारांश काढून घेतले. दोन ठरावांत चूक निघाली. सारांशात रक्कम आणि उद्देश बरोबर आला, पण जोडपत्रातली अट, म्हणजे टप्पा न पाळल्यास पैसे थांबवण्याची, गळून गेली. आणि मत त्या अटीवरच ठरणार होतं. नंतर नियम केला: सारांश ओळख होण्यापुरता, मत मूळ मजकुरावर. ज्याचं इंग्रजी पक्कं आहे त्यानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी अडवून विचारायचं. दोन तासांत एक ठराव होतो.

मजकूर आणि प्रत्यक्ष होणारी कृती एकच आहे ना, हेही कुणी तरी पाहायला लागतं. मे २०२२ मध्ये जुनो चेनवर एका व्हेलकडून (प्रचंड नाणी असलेल्या खातेदाराकडून) काढून घेतलेली नाणी ठरलेल्या खात्यात न जाता भलत्याच पत्त्यावर गेली, कारण पत्त्याच्या जागी दुसरीच अक्षरओळ चिकटवलेली होती. तेव्हाच्या भावानं साधारण ३.६ कोटी डॉलर. मतदान होऊन ठराव मंजूर झाला, तरी ते वेळेत कुणाच्या ध्यानात आलं नाही. २० मे २०२३ ला टॉर्नेडो कॅश या क्रिप्टो व्यवहार झाकणाऱ्या सेवेच्या मतदारांनी ‘आधीच्याच ठरावासारखा’ म्हणून मांडलेला ठराव मंजूर केला, आत दडवलेल्या कोडनं ठराव मांडणाऱ्याला १२ लाख मतं बहाल केली आणि खऱ्या मतदारांची मतं ७ लाखांच्या आसपास होती. कारभारच ताब्यात गेला. आपण सगळेच कोड वाचू शकत नाही. म्हणून डीरेप निवडताना हा प्रश्न येतो: हा माणूस स्वतः कोड वाचतो का, किंवा कुणाकडून वाचून घेतो आणि तसं लिहितो का?

आता उमेदवार. एक्स्प्लोररवर डीरेपांची यादी बहुधा मतवजनाच्या उतरत्या क्रमानं येते. वरचे दहा दिसतात, माणूस पहिल्या पानावरूनच निवडतो, मोठा आणखी मोठा होतो. हा क्रम पहिल्यांदा मोडायचा. आम्ही शेवटच्या मतदानाच्या तारखेनुसार यादी लावली आणि मधली-खालची नावं धरून चाळीस उचलली. मग चाळणी. नोंदणी चालू आहे का? सलग २० इपॉक (इपॉक म्हणजे चेनचा पाच दिवसांचा एक कालखंड), म्हणजे शंभर दिवस, मत न देणारा डीरेप निष्क्रिय मानला जातो आणि त्याच्याकडे सोपवलेलं वजन मोजणीतून बाहेर पडतं. मतांना कारण जोडलेलं आहे का? आमच्या आठ ठरावांपैकी निदान सहांवर मत आहे का? चाळीसचे अकरा उरले.

डीरेपच्या ओळखपत्रात नाव, उद्दिष्टं, प्रेरणा, पात्रता असे ठरलेले रकाने असतात. हा मजकूर चेनबाहेर असतो आणि चेनवर फक्त त्याचा दुवा आणि हॅश. मजकूर मागाहून बदलला आणि नवी नोंद केली नाही, तर हॅश जुळत नाही आणि एक्स्प्लोरर तसा इशारा देतो. इशारा दिसला म्हणजे लबाडीच असं नाही. पुष्कळदा नुसता निष्काळजीपणा असतो. पण जो स्वतःच्या ओळखपत्राचा हॅश सांभाळत नाही तो कोटींच्या ठरावाचं जोडपत्र उघडेल, अशी आशा आम्ही धरली नाही. उद्दिष्टांच्या रकान्यात ‘समाजाची सेवा’, ‘विकेंद्रीकरण’, ‘पारदर्शकता’ असे शब्द असतील तर ते वाचून काही कळत नाही, कारण कुणीच याच्या उलट लिहीत नाही. उपयोगाची वाक्यं वेगळी असतात: ‘टप्पे नसलेल्या मागणीला मी नाही म्हणेन’, ‘एका वर्षात एकाच संस्थेला दोनदा पैसे नाहीत’. अशा वाक्याला मतांच्या नोंदीशी ताडून पाहता येतं.

मग तक्ता. डावीकडे आठ ठराव, वर अकरा नावं, पहिल्या स्तंभात आमचं स्वतःचं बहुमत. प्रत्येक चौकटीत मत, मताची तारीख आणि कारण वाचून एक शब्द. नुसती जुळणारी मतं मोजली तेव्हा पहिला क्रमांक ज्याचा आला त्याला आम्ही शेवटी घेतलं नाही. आठपैकी आठ जुळली होती, पण आठही ‘हो’ किंवा विजयी बाजूला होती, पाच ठिकाणी कारण नव्हतं आणि जिथे होतं तिथे ठरावाच्याच प्रस्तावनेतली वाक्यं फिरवलेली. माहिती-ठरावांसारखे बिनधोक ठराव जुळले तर त्याचं फार मोल नाही. जिथे समाज निम्मा-निम्मा फाटला होता तिथे हा कुठे उभा राहिला, त्याला दुप्पट धरा. आमच्या मते आठपैकी पाच-सहा जुळणारा आणि न जुळलेल्या दोन ठिकाणी आपल्याला विचार करायला लावणारा डीरेप, आठही जुळणाऱ्या मुक्यापेक्षा बरा.

तारखेच्या चौकटीनं बरंच सांगितलं. ठराव चेनवर सहा इपॉक राहतो, म्हणजे सुमारे तीस दिवस. तासाभरात मत पडलं असेल तर त्यानं आधी चर्चेत भाग घेतला होता का ते पाहा. नसेल तर वाचलेलं नाही. प्रत्येक वेळी शेवटच्या रात्रीच मत पडत असेल तर तो वाऱ्याची दिशा बघून ठरवतो आहे. मुदत संपेपर्यंत मत बदलता येतं आणि बदलणं हा दोष नाही. एका डीरेपनं ‘हो’चं ‘नाही’ केलं होतं आणि लिहिलं होतं की कोणत्या प्रश्नाला ठराव मांडणाऱ्यानं उत्तर दिलं नाही. तो आमच्या तक्त्यात वर चढला.

तटस्थ आणि गप्प यांतला फरक समजला नाही तर सगळी निवड चुकते, म्हणून थोडं गणित. तिजोरीच्या ठरावाला डीरेपांच्या वजनापैकी ६७ टक्के ‘हो’ लागतात. संविधान बदलायला ७५, हार्ड फोर्कला ६०. टक्का काढताना एकूण सक्रिय वजनातून ‘तटस्थ’ वजा होतं, पण ज्यानं मतच दिलं नाही तो वजा होत नाही. समजा सक्रिय वजन १०० आहे. ‘हो’ ५०, ‘नाही’ १०, तटस्थ २०, गप्प २०. हिशेब होतो ५० भागिले ८०, म्हणजे साडेबासष्ट टक्के, ठराव पडला. आता गप्प बसलेल्या २० पैकी ६ वजनानं फक्त ‘तटस्थ’ म्हटलं तर ५० भागिले ७४, म्हणजे साडेसदुसष्टच्या वर. तोच ठराव मंजूर. एकही ‘हो’ वाढला नाही. गप्प बसणं म्हणजे ‘नाही’ आणि तटस्थ राहणं म्हणजे उरलेल्यांच्या हाती निर्णय देणं. ‘मला यातलं कळत नाही म्हणून मी मत दिलं नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिणारा डीरेप नकळत ‘नाही’ म्हणून बसलेला असतो. मतवजन सांभाळणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो आमच्या यादीतून लगेच गेला. आणि वॉलेटमधलं ‘कायम अविश्वास’ हे रागाचं बटण नव्हे. अविश्वासाचा ठराव सोडून बाकी प्रत्येक ठरावावर ते ‘नाही’ म्हणून मोजलं जातं.

हितसंबंध हा सगळ्यात नाजूक भाग. चेनवर काम करणारे लोक थोडे, त्यामुळे ज्याला ठरावातलं कळतं तो पुष्कळदा पैसे मागणाऱ्या कुठल्या तरी संस्थेत नोकरीला असतो. तेवढ्यासाठी त्याला बाद केलं तर जाणकार उरतच नाहीत. आम्ही तीन गोष्टी पाहिल्या: नातं त्यानं स्वतःहून लिहिलं आहे का, स्वतःच्या संस्थेच्या ठरावावर तो तटस्थ राहिला का, आणि प्रतिस्पर्धी संस्थेच्या ठरावावर त्याचं मत काय. तिसरी गोष्ट लोक तपासत नाहीत. स्वतःच्या ठरावावर तटस्थ राहून शेजारच्या ठरावाला सरसकट ‘नाही’ म्हणणारा आम्हाला एक सापडला. डीरेपला चेनकडून मानधन मिळत नाही, तेव्हा तो हे काम कशाच्या जोरावर करतो हे विचारण्यात गैर काही नाही.

या सगळ्यातून अकरांपैकी उरलेल्या पाच जणांना आम्ही एकच प्रश्न पाठवला: तुमचं दिलेलं कोणतं मत आज तुम्हाला चुकीचं वाटतं आणि का? दोघांचं उत्तर आलंच नाही. एकाचं आलं की तसं कुठलंच नाही. दोघांनी ठराव क्रमांकासह सांगितलं. हा एक प्रश्न कितीही मोठ्या मुलाखतीपेक्षा कामाचा ठरला.

वजनाबद्दल आमचं मत पक्कं आहे. दोघं सारखे वाटले तर ज्याच्याकडे कमी वजन आहे त्याला द्यावं. आपले दोन-पाच हजार एडा वरच्या दहांपैकी एखाद्याच्या ढिगात कुठे पडले ते त्यालाही कळत नाही. लहान डीरेपला ते जाणवतात, तो पत्राचं उत्तर देतो. पण अगदी तळाचा घेऊ नये. ज्याच्याकडे स्वतःचेच एडा आहेत आणि दुसरं कुणी नाही, त्याचा उत्साह तीन-चार महिन्यांत ओसरतो. आणि थोड्या वजनाला किंमत नाही हेही खरं नाही. जुलै २०२४ मध्ये कंपाउंड या क्रिप्टो कर्जव्यवहाराच्या प्रकल्पाचा २८९ क्रमांकाचा ठराव, त्याची ४ लाख ९९ हजार कॉम्प नाणी एका गटाच्या व्यवस्थेत देण्याचा, ६.८२ लाख विरुद्ध ६.३४ लाख मतांनी मंजूर झाला. विरोध होता, तो वेळेवर गोळा झाला नाही एवढंच. नंतर तडजोड करून तो ठराव मागे घ्यावा लागला.

ज्यांच्याकडे दुसऱ्या चेनची नाणी आहेत त्यांना पद्धत हीच, पण खाचा वेगळ्या. कॉसमॉस हबवर वेगळा प्रतिनिधी नसतो. ज्या व्हॅलिडेटरकडे (ब्लॉक तपासून चेन चालवणाऱ्याकडे) स्टेक केलं तोच तुमच्या वतीनं मत देतो आणि तुम्ही स्वतः मत दिलं तर तेवढ्यापुरतं तुमचं वजन त्याच्यातून निघतं. तिथे कमिशनची टक्केवारी बघूनच व्हॅलिडेटर निवडण्याची सवय आहे, मतांची नोंद कुणी उघडत नाही. पोल्काडॉटवर विषयवार वेगवेगळे प्रतिनिधी नेमता येतात आणि नाणी अडकवून ठेवायची मुदत वाढवली की मताचं वजन वाढतं. सहापट वजनाला २२४ दिवस नाणी अडकतात, म्हणून माणसाची खात्री नसेल तर एकपटीनं, सात दिवसांच्या बोलीनं सुरुवात करावी. हाइव्हवर एका खात्याला ३० विटनेसना मत देता येतं. तीसच्या तीस भरायलाच हवेत असं नाही. तिथे ब्लॉक चुकवण्याचं प्रमाण, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि विटनेस नाण्याचा भाव किती ताजा कळवतो, हे पाहतात. वर्षभर कारभारात काहीच हालचाल केली नाही तर दिलेली मतं आपोआप गळतात.

प्रत्यक्ष मताधिकार सोपवायला पाच मिनिटं लागतात. वॉलेटच्या कारभार किंवा गव्हर्नन्स भागात डीरेपचा आयडी टाकायचा, सही करायची. शुल्क साधारण ०.२ एडाच्या आसपास. चूक आयडीत होते. एकाच डीरेपचा आयडी दोन पद्धतींनी लिहिला जातो. नव्या पद्धतीत ‘डीरेप’ आणि एकच्या आकड्यानंतर वाय हे अक्षर येतं, जुन्यात तसं असेलच असं नाही. त्यामुळे दोन पानांवर दोन वेगळे आयडी दिसले की माणूस घाबरतो. आणि सारख्या नावाचे डीरेप सर्रास आहेत. नाव शोधून निवडू नका. त्याच्या मतांच्या नोंदीच्या पानावरूनच आयडी उचला आणि सही करण्याआधी शेवटची सहा अक्षरं जुळवा. या कामात नाणी कुठेही जात नाहीत, अडकत नाहीत. पाठवा म्हणणारा, वॉलेटचे चोवीस गुप्त शब्द मागणारा किंवा मताधिकाराच्या बदल्यात एडा देऊ करणारा चोर असतो. सोपवलं जातं ते त्या खात्याचं पूर्ण वजन. एका स्टेक-चावीला एकच डीरेप. दोघांत वाटायचं असेल तर वॉलेटमध्ये दुसरं खातं उघडून नाणी विभागायची आणि त्या चावीची २ एडा अनामत, जी खातं बंद करताना परत मिळते. आमच्या तिघांनी तसं केलं.

वेळेची एक खोच. इपॉक दर पाच दिवसांनी आपल्या वेळेनुसार पहाटे सव्वातीनला बदलतो. बदल त्यानंतर मोजणीत येतो आणि मतं मोजताना त्या वेळचं वजन धरलं जातं. म्हणजे एखादा ठराव चालू असताना तुम्ही डीरेप बदललात, नव्यानं त्या ठरावावर अजून मत दिलेलं नसलं, तर तुमचं वजन गप्प बसलेल्यांत, म्हणजे ‘नाही’त जातं. आमच्यापैकी एकाचं असंच झालं. बदलायचं तर आधी नव्या डीरेपची चालू ठरावांवरची मतं पाहा.

काढण्याचे नियम आम्ही निवड करण्याआधीच लिहून ठेवले, कारण नंतर माणसाची भीड पडते. कारणाशिवाय सलग तीन मतं, न सांगितलेला हितसंबंध, किंवा ओळखपत्रातल्या शब्दाविरुद्ध मत आणि त्याचा खुलासा नाही: यातलं एक झालं तरी बदल. डीरेपनं नोंदणीच रद्द केली तर नव्यानं निवड करावी लागते. वॉलेट याची आठवण देतंच असं नाही. म्हणून दर अठरा इपॉकांनी, नव्वद दिवसांनी, तक्त्यात नवे ठराव घालतो. आधी आपला स्तंभ भरायचा, मग त्यांचा. गेल्या वेळी चार ठराव घातले. दोन डीरेप टिकले, एकाची दोन मतं कारणाशिवाय आहेत. तिसऱ्या मताची वाट पाहतो आहोत.